झाकण लावून केलेलं काम

साखर कारखान्याच्या तालुक्यात राहायचं आणि घरी बिनसाखरेचा सोडा करायला घ्यायचा, हा गावाशी उघड दगा आहे. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला पी. के. अण्णा पाटलांनी उभा केलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे, आणि सासरच्या आमच्या गोतावळ्यातली निम्मी घरं ऊस लावतात. उरलेली पपई आणि केळी. तर अशा घरात मी चैत्रात जाहीर केलं, की आखाजीला येणाऱ्या पोरांना यंदा बाजारातला 'थंडा' मिळणार नाही. सोडा घरीच होईल आणि त्यात साखरेचा दाणा नसेल. चुलत सासरे कारखान्याचे जुने सभासद. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"मग ऊस काय फक्त गुरांनी खायचा का?"

"गूळही उसाचाच असतो, नाना," मी म्हटलं. त्यावर ते थोडे निवळले. पण तेव्हापासून आमच्याकडे चहाला आले की चमचाभर साखर जास्त मागून घेतात. निषेध नोंदवावा तर असा.

अक्षय्य तृतीया पुण्या-मुंबईकडे सोनं घेण्यासाठी असते म्हणतात. खान्देशात ती आखाजी असते आणि ती लेकीबाळींची असते. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. पुरुष मंडळी ओसरीवर पत्ते मांडून बसतात आणि उठायचं विसरतात. बाहेर पारा ४३-४४ अंशांवर, घरात आमरस, खापरावरची पुरणपोळी, सांजोऱ्या. आणि हे सगळं पोटात गेल्यावर सुरतेहून आलेली भाचरं म्हणणार, "मामी, थंडा?" कोलाच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवलंय, की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला जेमतेम सहा चमचे. ते लिहिणाऱ्यांपैकी कुणाला आखाजीचं आमंत्रण गेलं नसावं. आमच्याकडे ही हद्द पहिली पोळी मोडतानाच ओलांडली जाते. तेव्हा पोळी सोडणं शक्य नाही, निदान बाटली तरी सोडावी, एवढाच माझा माफक विचार होता.

इथे 'नैसर्गिक गोडवा' या प्रकाराबद्दल एक बोलून घेते. हल्ली गूळ, मध, खजूर यांच्या नावापुढे 'नैसर्गिक' लावलं की माणसं दुप्पट घेतात. माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी साखर बंद केली, तेव्हा यांनी मोठ्या उत्साहाने गुळाची ढेप आणली. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "पाटीलसाहेब, गूळ म्हणजे कपडे बदलून आलेली साखर." खरंच आहे ते. गुळात थोडं लोह असतं, इतर क्षार असतात, चवीला तो खोल असतो, पण रक्तात गेल्यावर तो साखरेचाच भाऊबंद. मग सोड्यात गुळाने फरक काय पडला? गुळाने फारसा नाहीच. फरक पडला तो दुसऱ्याच कुणीतरी तो गूळ आमच्या आधी खाल्ल्यामुळे.

हे दुसरं कुणीतरी म्हणजे अद्रकाच्या सालीवर राहणारं यीस्ट. डोळ्यांना न दिसणारं, भाडं न देणारं. अद्रक धुवायचं, पण साल काढायची नाही. किसून बरणीत टाकायचं, तेवढाच गूळ, वर पाणी, तोंडाला फडकं. रोज चमचाभर अद्रक आणि चमचाभर गूळ घालून ढवळायचं. पाणी विहिरीचं असलं तर उत्तम. नळाचं असलं तर उकळून गार करायचं किंवा रात्रभर उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन निघून जातो. नाहीतर माणसांना वाचवायला घातलेलं औषध या पाहुण्यांना मारतं. हे सगळं शिकवणारे व्हिडिओ थंड देशांतले. ते सांगतात, पाच ते सात दिवस धीर धरा, बरणी उबदार जागी ठेवा. वैशाखात शहाद्याला उबदार जागा शोधायची गरज नाही, माणूस स्वतःच तिच्यात उभा असतो. आमच्या ओट्यावर बरणी तिसऱ्या दिवशी सकाळी बोलायला लागते. कान लावला की बारीक चुर्र ऐकू येतं, वर फेसाची गोल टोपी येते आणि स्वयंपाकघरभर अद्रकाचा आंबूस-गोड वास सुटतो.

त्या वासाने माय आली.

माय म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशी पार केलेली बाई, नऊवारीतली. अख्खी गल्ली त्यांना मायच म्हणते, म्हणून मीही. फडकं उचलून त्यांनी बरणीत पाहिलं.

"हाई काय बुडबुडी ऱ्हायनं वं?"

"सोडा होणार आहे, माय. आखाजीला पोरांसाठी."

त्यांनी पुन्हा वास घेतला. मग आवाज खाली आणून, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं, "तू घरमा दारू गाळी ऱ्हायनी का?"

आता यावर 'नाही' एवढं एका शब्दाचं उत्तर द्यायला मी थोडी अडखळले, कारण प्रश्न अडाणी नव्हता. यीस्ट साखर खातं तेव्हा दोन गोष्टी एकदमच तयार होतात, एक कार्बन डायऑक्साइड आणि दुसरी अल्कोहोल. एक मागावी आणि दुसरी येऊ नये, अशी सोय निसर्गात नाही. झाकण घट्ट लावलं की वायूला बाहेर पडता येत नाही, तो पाण्यात विरघळतो आणि सोड्याला फेस येतो. बाटली दिवसाभरात फ्रिजमध्ये गेली तर यीस्ट झोपतं आणि दुसरी गोष्ट नावापुरती राहते. विसरली तर मात्र ती वाढत जाते. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या लेखी ०.५ टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय ते मद्य. मायच्या लेखी असली टक्केवारी नसते. त्यांच्याकडे एक तर दारू असते किंवा दारू नसते.

मी बाजू मांडली. म्हटलं, माय, तुम्ही कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालता. रोज पाणी बदलता, तरी तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्यालाही कळतं की पाटलांकडे आज चीक निघणार. बिबड्यांसाठी ज्वारी आंबवता. आंबील तर रात्रभर ताकात फुगत असते. ते आंबणं आणि हे आंबणं एकाच घराण्यातलं. माय ऐकत होत्या, मान हलवत होत्या. सगळं पटल्यावर त्यांनी निकाल दिला.

"झाकण लाईसन जे करतस, त्यानावर मना इसवास नही."

मी पुष्कळ विचार केला, पण या आक्षेपाला मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. कुरडया गच्चीवर होतात, चार बायका लागतात, चुलीवरचा चीक हाटताना गाणी होतात. पापड शेजारणीशिवाय लाटले जात नाहीत. उन्हाळ्याचं सगळं काम खान्देशात उघड्यावर, जगाच्या डोळ्यांसमोर चालतं. आणि ही सून एकटीच कपाटाआड बाटल्यांना झाकणं लावत बसलेली.

तरी मी बाजू सोडली नाही आणि विज्ञानाचा इतिहास काढला. म्हटलं, सोड्याचा शोधच मुळी असा लागला. इंग्लंडमध्ये लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नावाचे एक पाद्री होते. १७६७ साली ते एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहायला गेले. तिथल्या मोठ्या पिंपांवर वायूचा एक थर तरंगत असतो हे त्यांनी पाहिलं. त्या थरात त्यांनी पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतलं, पुन्हा ओतलं, आणि ते पाणी जिभेला चुरचुरायला लागलं. १७७२ मध्ये त्यांनी ही कृती छापली. तिचे पैसे त्यांनी केले नाहीत. तो मान जिनिव्हातल्या योहान याकोब श्वेप यांचा, ज्यांनी १७८३ मध्ये धंदा काढला आणि ज्यांचं नाव अजून बाटल्यांवर आहे. सांगायचा मुद्दा हा, की जगातला पहिला सोडा दारूच्या पिंपावर झाला, तरी पिणाऱ्याला चढला नाही.

माय म्हणाल्या, तो माणूस पाद्री असून दारूच्या भट्टीशेजारी घर घेतो, एवढं मला पुरे. माझा सगळ्यात चांगला साक्षीदार असा पहिल्याच फेरीत फुटला.

पण मायच्या संशयामागे नुसतं म्हातारपण नाही. त्यांचं माहेर तळोद्याकडचं. त्या भागाने दारूशी मोठी झुंज घेतलेली आहे. इंग्रजांनी १८७८ मध्ये मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला आणि मोहाच्या फुलांची घरची दारू एका रात्रीत गुन्हा झाली. पिणं थांबलं नाही, फक्त ती सरकारी मक्त्याच्या दुकानातून विकत घ्यावी लागली आणि माणसं कर्जात गेली. १९२२ च्या अखेरीस इथून जवळच, दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात 'देवी'चा संचार सुरू झाला. अंगात आलेली माणसं सांगत होती, की दारू सोडा, रोज आंघोळ करा, दुकानदाराच्या दारात जाऊ नका. मग तिसाच्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे संत गुलाम महाराज उभे राहिले. त्यांच्या आरतीला हजारोंनी भिल्ल स्त्री-पुरुष जमायचे आणि दारू सोडून घरी जायचे. १९३८ साली महाराज गेले, पण मायच्या लहानपणी त्यांच्या वडिलांच्या शेतावर कामाला येणारी माणसं एकमेकांना रामराम घालत नसत, 'आप की जय' म्हणत. ज्या माणसांनी कायद्याने नव्हे, आपल्या मनाने बाटली खाली ठेवली, त्यांच्यात वाढलेली ही बाई. तिच्या ओट्यावर बुडबुडे काढणारी बरणी ठेवायची, तर तिने एवढी चौकशी करायलाच हवी.

मला मध्येच मोहाचाही मोह पडला होता. नैसर्गिक गोडव्याचं काढायचं तर सातपुड्यात मोहाइतकं गोड काय आहे? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं टपटपतात, बायकापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, फुलं अंगणात वाळतात आणि वाळली की चिकट, मनुकेसारखी होतात. माझ्या डोळ्यांपुढे मोहाच्या पाकातला सोडा उभा राहिला, शहरातल्या हॉटेलात तीनशे रुपयांना विकतील असा. धडगावकडची एक बाई दर उन्हाळ्यात आमच्याकडे आमचूर घेऊन येते. त्या बाजूच्या गावांत कैऱ्या कापून उन्हात वाळवायचं काम घरोघर चालतं. तिला मी मोहफुलं आणायला सांगितली आणि कशासाठी तेही सांगितलं. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, फुलं तिळासोबत भाजून खा, भाकरीत घाल, लाडू कर. बाटलीत नको भरू. तुझ्या हातून ती थांबणार नाहीत.

तिचं म्हणणं रास्त होतं. मोहात साखर इतकी, की यीस्टला ती म्हणजे बाराही महिने आखाजी. मी मोह सोडला आणि कैरीवर आले.

कैरीचा सोडा हा खरं तर पन्हंच, पुढच्या इयत्तेत गेलेलं. कैऱ्या उकडायच्या, गर काढायचा, लिटरभर पाण्याला साठ-सत्तर ग्रॅम गूळ. कोलात लिटरमागे शंभराहून जास्त साखर असते, त्या मानाने हे सुरुवातीलाच कमी. सगळं पूर्ण गार झाल्यावरच बरणीतलं अर्धी वाटी पाणी गाळून त्यात घालायचं, कारण कोमटाहून गरम झालं तर यीस्ट जागच्या जागी मरतं. मीठ आणि जिरेपूड बाटलीत नाही, ग्लासात. बाटली काठोकाठ भरायची नाही. आणि बाटली कोणती? इथे नियतीने माझी चांगलीच जिरवली. काचेची साधी बाटली दाबाने फुटते, तिचे तुकडे कुणाच्या डोळ्यात जातील सांगता येत नाही. घरातल्या घरात सर्वांत भरवशाची म्हणजे कोल्ड्रिंकची रिकामी प्लॅस्टिकची बाटली. ती दाब सोसायलाच घडवलेली असते आणि हाताने दाबून पाहिली की आतला फेस किती झाला ते कळतं. म्हणजे कोला हद्दपार करायला आधी कोला विकत घ्या. त्या प्राथमिक खरेदीला भाच्यांनी मनापासून सहकार्य केलं.

आता मूळ अडचण. सोडा गोडही हवा आणि फसफसणाराही हवा, असं पोरांचं म्हणणं. कारखान्यातल्या सोड्यात ते जमतं, कारण तिथे गोडवा एका नळाने येतो आणि वायू दुसऱ्या नळाने. घरच्या सोड्यात वायू गोडव्यातूनच निघतो. जितका फेस जास्त, तितका गूळ कमी उरलेला. आपण घातलेला गूळ कुणीतरी आधी खातं आणि त्याच्या बदल्यात आपल्या जिभेला चुरचुर देऊन जातं. हा सौदा कुठल्या तासाला थांबवायचा, एवढंच आपल्या हातात. थांबवायचा म्हणजे फ्रिजचं दार उघडायचं.

यामुळे एकाच बाटलीचे आमच्या घरात निरनिराळे वारसदार निघाले. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी फ्रिजमध्ये गेली की ती पोरांची, गोड आणि जेमतेम चुरचुरणारी. रात्रभर बाहेर राहिली तर नणंदेची, तिला आंबट-गोड बरोबरीचं लागतं. त्याहून पुढची, जिच्यातला गूळ बराचसा संपलाय आणि नाकात झणका जातो, ती यांची. रिपोर्टमुळे यांना तीच बरी, असा यांचा दावा आहे. मला वाटतं, पत्त्यांच्या बैठकीत ती उघडताना होणारा आवाज यांना आवडतो.

त्या आवाजाने एकदा मोठा घोळ झाला. आखाजीच्या दुपारी ओसरीवर डाव रंगात होता. नंदोईंनी बाटली मागवली आणि आणली तशी, पत्त्यांवर धरून, एका झटक्यात झाकण फिरवलं. उन्हातून आलेली बाटली. कैरीचा फवारा आधी छताकडे गेला आणि मग समान न्यायाने सगळ्यांच्या हातांवर आला. हरणाऱ्या दोघांनी ताबडतोब जाहीर केलं, की पाने भिजली म्हणून डाव रद्द. जिंकणारे अजून ते मानत नाहीत. पुढच्या आखाजीला तो डाव पुढे चालवायचा आहे म्हणे.

बाटली तयार झाली हे ओळखायची माझी आवडती युक्ती फिनलंडची आहे. तिथे १ मे हा वसंताचा सण. आपण महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करून घामाघूम परततो, त्या दिवशी ते लोक 'सिमा' नावाचं लिंबू, साखर आणि यीस्टचं घरगुती पेय पितात. बाटलीत ते चार बेदाणे टाकून ठेवतात. सुरुवातीला बेदाणे तळाशी असतात. वायू तयार झाला की बुडबुडे त्यांना चिकटतात, बेदाणे वर येतात आणि घरच्यांना कळतं, झालं. मी आमच्या बाटल्यांत बेदाणे टाकले आणि धाकट्या भाच्याला पहाऱ्यावर बसवलं. मोबाइलशिवाय एवढा वेळ एका जागी बसलेला तो पोरगा मी पहिल्यांदाच पाहिला. मधूनच ओरडायचा, "मामी, एक निघाला!" सगळी पोरं धावायची, तोवर बेदाणा बुडबुडा सोडून पुन्हा खाली. असं दुपारभर चाललं. सोडा पिण्यात त्यांना गोडी किती वाटली हे मला सांगता येणार नाही, पण सोडा होण्यात फार वाटली.

पिण्याबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. "चांगलाय, पण गोटीवाल्यासारखा नाही." गोटी सोड्याशी स्पर्धा करायची माझी ऐपतही नाही. हिराम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये त्या बाटलीचं पेटंट घेतलं. आतल्या वायूनेच काचेची गोटी वर रेटायची आणि बाटलीचं तोंड आतून बंद करायचं, असली खट्याळ अक्कल फार थोड्यांना सुचते. त्या देशात ही बाटली केव्हाच मागे पडली, आपल्याकडे जत्रेत अजून ती टॉक् करून फुटल्यासारखी उघडते. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. लाखालाखाची जनावरं दात दाखवत उभी असतात, पण आमच्या घरची पोरं घोडे सोडून गोटी कशी काढता येईल यावर चर्चा करतात. यांनीही लहानपणी तीच केली होती. तेव्हा आमच्या कैरीला त्यांनी दुसरा नंबर दिला, तो मी मुकाट्याने घेतला.

मायचं काय झालं, ते राहिलं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. आदल्या रात्री कुणीतरी अर्धी बाटली झाकण न लावता तशीच ठेवली होती. फेस पार उतरलेला, वायू निघून गेलेला, खाली राहिलेलं गढूळ, आंबटसर, गुळचट पाणी. मायने ते स्टीलच्या पेल्यात ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि उभ्यानेच पिऊन टाकलं. मी पाहते आहे हे कळल्यावर म्हणाल्या, आता बरं लागतंय, आंबिलीगत. झाकण गेलं, संशय गेला. तेव्हापासून त्यांच्या वाटणीचा सोडा मी आदल्या रात्री उघडा करून ठेवते. त्याला सोडा म्हणायचं का, हा वाद मी काढत नाही.

खरी कसोटी लागली ती नणंद परत निघाली तेव्हा. तिचं घर सुरतेत, उधन्याला. खान्देशातली निम्मी नाती तापीच्या उताराने तिथे जाऊन राहिली आहेत. तिने हट्ट धरला, की एक भरलेली बाटली सोबत देच. मला कसंनुसं झालं. गाडी नंदुरबारहून निघते आणि नवापूरला सीमा लागते. नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. बाकड्याच्या मधोमध रेघ आहे, एका टोकाला बसलेला नवरा महाराष्ट्रात आणि दुसऱ्या टोकाची बायको गुजरातेत. फलाटावर घोषणा होतात त्याही मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत. आणि गुजरात राज्य जन्मापासून, १९६० पासून, दारूबंदीचं. त्या हद्दीतून मे महिन्यात, जनरल डब्यात, लेबल काढलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलेलं तपकिरी, आंबूस वासाचं, दर स्टेशनाला जास्त फुगत जाणारं घरगुती पेय न्यायचं. नंदोई सरळमार्गी माणूस. ते म्हणाले, "वहिनी, पोलिसाला ०.५ टक्क्याचा नियम गुजरातीत कोण समजावणार?"

तरी बाटली निघाली. शहाद्याहून नंदुरबारपर्यंत नणंदेने ती मांडीवर धरली, प्रकाशाच्या पुलावर तापी लागली तेव्हा हात जोडायला तिने ती माझ्याकडे दिली, तर बाटली पाषाणासारखी टणक झालेली. गरम गाडीत यीस्टने कामाला जोर केला होता. नंदुरबारच्या फलाटावर पोचलो, गाडीला वेळ होता आणि नंदोईंनी निर्णय घेतला. माल सीमेच्या अलीकडेच संपवायचा. या वेळी त्यांनी झाकण केसाएवढं फिरवलं, थांबले, पुन्हा केसाएवढं. दोन बाकांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. फुस्स संपल्यावर कागदी पेले निघाले. आम्ही प्यालो, पोरं प्याली, बाकावरच्या मिरचीच्या व्यापाऱ्याला दिला, त्याने शेजाऱ्याला सरकवला. व्यापारी म्हणाला, अद्रक जरा जास्त झालंय, पण मिरचीवाल्याने तिखटाची तक्रार करू नये.

मायने निघताना नणंदेच्या पिशवीत गुळाची ढेकळी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं बोटभर अद्रक घातलं होतं. मी म्हटलं होतं, माय, बरणीतलं विरजणच देते थोडं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "सुरतमा अद्रक भेटत नही का? आनि तरी घरनं ऱ्हाऊ दे." बाटली रिकामी झाल्यावर नंदोई ती कचराकुंडीत टाकायला निघाले, तर नणंदेने हातातून काढून घेतली, नळावर खळखळून धुतली आणि पिशवीत ठेवली. बाटली वेगळी, गूळ वेगळा, अद्रक वेगळं. असं सुटं सुटं न्यायला गुजरात सरकारची काही हरकत नसते.